ब्राउझर बदलताना बुकमार्क सहज येतात, पासवर्ड का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा वर्षं क्रोम वापरलं. आता नवा लॅपटॉप घेतलाय आणि त्यावर फायरफॉक्स वापरायचं ठरवलंय. जुन्या लॅपटॉपवरचा क्रोमचा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, नव्यावर क्रोम टाकून त्यात ठेवला. बुकमार्क दिसले, पासवर्डची यादी मात्र रिकामी. मग फायरफॉक्समधलं इम्पोर्टचं बटण दाबलं, बुकमार्क आले, पासवर्ड शून्य. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा दाबलं, तर तीन हजार बुकमार्कचे सहा हजार झाले. आता काय करायचं? आणि जुना लॅपटॉप पुसून देऊन टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: पुसू नका. महिनाभर तरी नाही. तुमचे पासवर्ड अजून त्याच लॅपटॉपवर आहेत आणि बहुधा सध्या फक्त तिथेच उघडू शकतात. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

ही चूक तुम्ही एकट्यानेच केलेली नाही. मीही केली आहे, आणि ती दुसऱ्याच्या मशीनवर. एका नातेवाइकांच्या संगणकावर विंडोज नव्याने टाकायची होती. मी ब्राउझरचा पूर्ण फोल्डर बाहेर काढून ठेवला, डिस्क फॉरमॅट केली, फोल्डर परत जागेवर ठेवला आणि ऐटीत म्हणालो, "बघा, सगळं जसंच्या तसं." बुकमार्क होते, इतिहास होता. पासवर्ड एकही नव्हता. पुढचे चार दिवस ते प्रत्येक साइटवर "पासवर्ड विसरलात?" दाबत बसले आणि मी फोन उचलायला कचरत होतो. तेव्हापासून हे काम मी वेगळ्या क्रमाने करतो.

ब्राउझरमधला साठा हे एकच गाठोडं आहे, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. प्रोफाइलचा फोल्डर उघडून पाहिलात तर प्रत्येक गोष्टीची फाइल वेगळी असते. क्रोममध्ये 'बुकमार्क्स' नावाची एक फाइल आहे, तिच्या नावापुढे 'डॉट टीएक्सटी' सारखं शेपूटही नाही. ती साध्या मजकुराची जेसन फाइल आहे, नोटपॅडमध्येही वाचता येते. इतिहासाची फाइल निराळी, कुकींची (तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवायला साइट ठेवतात त्या छोट्या नोंदींची) निराळी. पासवर्डची फाइल 'लॉगिन डेटा' या नावाची. ती एस्क्यूलाइट प्रकारचा छोटा डेटाबेस आहे. त्यात साइटचा पत्ता आणि यूजरनेम उघडं दिसतं, पण पासवर्डचा रकाना कुलूपबंद असतो. त्या कुलपाची किल्ली शेजारच्या 'लोकल स्टेट' नावाच्या फाइलमध्ये असते. म्हणजे फोल्डरबरोबर किल्लीही आली की! आली, पण ती किल्लीसुद्धा आणखी एका कुलपात असते आणि ते दुसरं कुलूप विंडोजचं असतं. विंडोज २००० पासून 'डीपीएपीआय' नावाची सोय आहे. ती विंडोजच्या त्या विशिष्ट यूजर खात्याशी किल्ली बांधते. त्याच मशीनवर, त्याच खात्यात बसलात तरच ती उघडते. नव्या लॅपटॉपवर तुमचं नाव तेच असलं, पासवर्डही तोच ठेवला, तरी विंडोजच्या लेखी ते खातं वेगळं. म्हणून तुमच्याकडे तिजोरी आली, किल्लीची डबी आली, पण डबी उघडणारा मागेच राहिला.

जाता जाता सांगतो, कारण यात लोक वारंवार अडकतात. एकाच मशीनवरसुद्धा विंडोजच्या स्थानिक खात्याचा पासवर्ड स्वतः बदलणं वेगळं आणि दुसऱ्या ॲडमिन खात्यातून तो रीसेट करणं वेगळं. बदलला तर किल्ल्या नव्या पासवर्डशी जुळवून घेतल्या जातात. रीसेट केला तर जुन्या किल्ल्या उघडेनाशा होऊ शकतात. जुन्या लॅपटॉपचा पासवर्ड आठवत नसेल तर रीसेट करण्याआधी आठवायचा जरा नेट लावून प्रयत्न करा.

मॅकवर हीच किल्ली कीचेनमध्ये, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या पासवर्ड-तिजोरीत, 'क्रोम सेफ स्टोरेज' या नावाने असते. नाव वेगळं, प्रकार तोच.

फायरफॉक्सचं घराणं उलट्या स्वभावाचं आहे. तिथे पासवर्ड 'लॉगिन्स डॉट जेसन' या फाइलमध्ये आणि किल्ली 'की४ डॉट डीबी' मध्ये. दोन्ही एकाच फोल्डरात, विंडोजशी न बांधलेल्या. त्या दोन फाइली जोडीने उचलून दुसऱ्या मशीनवर नेल्या की पासवर्ड उघडतात. ऐकायला फार सोयीचं वाटतं, पण तुमच्यासाठी उघडतात तसे फोल्डर हाती लागलेल्या कोणासाठीही उघडतात. म्हणून फायरफॉक्सला आलात की सेटिंग्जमध्ये जाऊन 'प्रायमरी पासवर्ड' लावा. तो लावला की किल्लीवरही कुलूप पडतं. ही सोय मुळात बंद असते आणि बहुतेकांना ती असल्याचंच माहीत नसतं.

आता इम्पोर्टच्या बटणाने पासवर्ड का दिले नाहीत, ते पाहू. एक तर नव्या लॅपटॉपवरच्या क्रोमकडेच ते नव्हते, मग फायरफॉक्स देणार कुठून. पण समजा हेच बटण तुम्ही जुन्या लॅपटॉपवर दाबलं असतं, तरी आज खात्री देता आली नसती. पूर्वी एक प्रोग्रॅम दुसऱ्या ब्राउझरचे पासवर्ड सहज उचलू शकत असे, कारण दोघेही त्याच विंडोज खात्यात चालत होते. नेमकं हेच चोरटे प्रोग्रॅमही करत. म्हणून २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीपासून विंडोजवर किल्ली ॲपशीही बांधायला सुरुवात झाली. आधी कुकींसाठी, आणि पासवर्डही त्याच वाटेने नेण्याचं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. चोराला दार बंद केलं की पाहुण्यालाही घंटी वाजवावी लागते. ती घंटी म्हणजे सीएसव्ही फाइल. त्याकडे येतोच.

आधी बुकमार्कचा पसारा आवरू.

बुकमार्कसाठी एक फाइल-प्रकार आहे जो जवळजवळ प्रत्येक ब्राउझर वाचतो आणि लिहितो. एचटीएमएल फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिल्याच ओळीत 'नेटस्केप बुकमार्क फाइल १' अशा अर्थाचं नाव दिसेल. नेटस्केप हा १९९४ सालचा ब्राउझर. तो कधीच गेला, पण त्याच्या नावाची ही फाइल क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ऑपेरा, सगळे आजही मुकाट्याने लिहितात. संगणकाच्या जगात इतकी वर्षं न बिघडता टिकलेल्या गोष्टी थोड्या. म्हणूनच मी बुकमार्कसाठी इम्पोर्टच्या जादुई बटणापेक्षा ही फाइल पसंत करतो. ती डोळ्यांनी दिसते, मोजता येते, जपून ठेवता येते, आणि काही बिनसलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

जुन्या लॅपटॉपवर क्रोम उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडेल. वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत 'एक्सपोर्ट बुकमार्क्स' आहे. फाइल बनेल. तिच्या नावात तारीख असते, ती तशीच राहू द्या. क्रोममध्ये तुमचे एकाहून जास्त प्रोफाइल असतील, म्हणजे वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर टिचकी मारल्यावर घरचं आणि कामाचं अशी दोन नावं दिसत असतील, तर प्रत्येकाची फाइल वेगळी काढावी लागते. "अर्धे बुकमार्क गेले" अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे ते दुसऱ्या प्रोफाइलमध्ये सुखरूप असतात.

फाइल काढण्याआधी एक बारीक काम. दहा वर्षं क्रोम वापरणाऱ्या माणसाच्या खिडकीत चाळीस-पन्नास टॅब उघडे असतात आणि त्यातले निम्मे 'नंतर वाचू' म्हणून ठेवलेले. ते बुकमार्क नाहीत, त्यामुळे फाइलमध्ये येणार नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबलं की सगळे उघडे टॅब एका फोल्डरात बुकमार्क होतात. आधी ते करा, मग एक्सपोर्ट. क्रोमची 'रीडिंग लिस्ट' हीसुद्धा बुकमार्कपासून वेगळी यादी आहे. ती लांबलचक नसेल तर एकेक दुवा उघडा आणि वरच्याच युक्तीने फोल्डरात टाका.

आता मोजणी. लोक ही पायरी गाळतात आणि वर्षभराने काहीतरी सापडत नाही म्हणून हळहळतात. फाइल मजकूर-संपादकात उघडा आणि 'एचरेफ' हा शब्द रोमन लिपीत (href) शोधायला सांगा. जितक्या वेळा सापडेल तितके बुकमार्क. आकडा कागदावर लिहून ठेवा. फक्त ती फाइल तिथे सेव्ह करू नका. ती यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, असते. एखाद्या जुनाट संपादकाने दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते, आणि ती मागे वळत नाही.

फायरफॉक्समधल्या दुप्पट झालेल्या बुकमार्कांचं काय? एकेक पुसत बसू नका, आणि 'डुप्लिकेट काढून देतो' म्हणणारी एक्स्टेन्शनंही (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लगेच शोधू नका. फायरफॉक्स रोजच्या रोज बुकमार्कांचा बॅकअप स्वतःच घेत असतो आणि मागचे पंधरापर्यंत सांभाळतो. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून लायब्ररी उघडा, 'इम्पोर्ट अँड बॅकअप' मध्ये 'रिस्टोअर' वर जा. तारखांची यादी दिसेल, प्रत्येकीपुढे त्या दिवशी किती नोंदी होत्या तेही लिहिलेलं असेल. इम्पोर्टच्या आधीची तारीख निवडा. फायरफॉक्स अगदी नवा असेल आणि आधीची तारीखच नसेल, तर मूळचं जपण्यासारखं काहीच नाही. सगळे बुकमार्क निवडून काढून टाका आणि मग एचटीएमएल फाइल एकदाच आत घ्या.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, कारण दोन्ही सोयी एकाच मेनूत एकमेकींशेजारी आहेत. 'इम्पोर्ट बुकमार्क्स फ्रॉम एचटीएमएल' हे असलेल्यात भर घालतं. दोनदा केलं तर दुप्पट. 'रिस्टोअर' हे असलेलं सगळं काढून त्या जागी बॅकअपमधलं ठेवतं. म्हणजे महिनाभर नवीन बुकमार्क जमा केल्यानंतर कोणी चुकून जुना बॅकअप रिस्टोअर केला तर तो महिना गेला. भर घालणं आणि बदलून टाकणं यातली गफलत मी जितकी पाहिली आहे तितकी दुसरी कुठलीच नाही.

आत घेतल्यावर मोजणी जुळवा. दोन-चारचा फरक आला तर घाबरू नका. क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जची पानं कोणी बुकमार्क करून ठेवली असतील तर ती दुसरीकडे निरर्थक असतात. फोल्डरांचा क्रम थोडा हलतो. दोनशे-तीनशेचा फरक आला तर मात्र एखादा प्रोफाइल राहून गेलाय असं समजा. बुकमार्क कधी जोडला त्या तारखाही फाइलमधून येतात, त्यामुळे 'सर्वात जुने आधी' असं लावून पाहिलंत तर दहा वर्षांपूर्वीचे तुम्ही भेटाल.

तारखांवरून आठवलं. कधी जेसन फाइल थेट उघडून पाहायची वेळ आलीच तर क्रोमच्या तारखा विचित्र लांबलचक आकड्यात दिसतात. तो आकडा १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांचा असतो. फायरफॉक्स आपल्या डेटाबेसमध्ये १९७० पासून मोजतो, सफारीचा इतिहास २००१ पासूनचे सेकंद मोजतो. तीन ब्राउझर, तीन शकं. म्हणून एकाची फाइल दुसऱ्याच्या फोल्डरात नुसती नेऊन ठेवायची नसते, मध्ये एक्सपोर्ट लागतोच.

आता पासवर्ड. हे काम एका बैठकीत पुरं करायचं. मध्ये जेवायला उठायचं नाही, कोणाला लॅपटॉप द्यायचा नाही. कारण काही मिनिटं तुमचे दोनशे पासवर्ड एका उघड्या फाइलमध्ये पडलेले असणार आहेत.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या ओळी. साइटचं नाव, पत्ता, यूजरनेम, पासवर्ड, टिपण. कुलूप नाही, पडदा नाही. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सपोर्ट पासवर्ड्स' आहे. विंडोजचा पासवर्ड किंवा पिन विचारून तो फाइल देतो. फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावर तीन ठिपक्यांत 'इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल' असतं. ते झाल्यावर नवे किती जोडले, किती बदलले, किती आधीच होते आणि किती ओळी चुकल्या, असा अहवाल येतो. चुकलेल्या ओळी जरूर पाहा. क्रोमच्या यादीत 'अँड्रॉइड' या शब्दाने सुरू होणारे पत्ते सापडतील. ते फोनमधल्या ॲपचे पासवर्ड. संगणकावरच्या ब्राउझरला त्यांचा अर्थ लागेलच असं नाही, तेव्हा त्यातले कामाचे असतील ते हाताने भरा.

आणि ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडू नका. सहज दोन टिचक्या मारल्या की ती तिथेच उघडते, म्हणून मुद्दाम सांगतोय. स्प्रेडशीटला सगळं आकडेमोडीसारखं दिसतं. शून्याने सुरू होणाऱ्या पासवर्डचं शून्य ती गिळते. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड तिला सूत्र वाटतो. लांब आकडा ती घातांकात गुंडाळते. मग "सेव्ह करू का?" विचारल्यावर आपण सवयीने हो म्हणतो, आणि दहा-बारा पासवर्ड कायमचे बिघडतात. कोणते, ते त्या साइटवर जाईपर्यंत कळत नाही.

तुमच्या बाबतीत फाइल एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर न्यायची आहे. इथे सरळ मार्ग सोडून मी जरा वळसा सुचवतो. सीएसव्ही पेनड्राइव्हवर घेऊच नका, स्वतःला ईमेल तर मुळीच करू नका. त्याऐवजी जुन्याच लॅपटॉपवर फायरफॉक्स टाका. बुकमार्कची फाइल आणि पासवर्डची सीएसव्ही तिथेच आत घ्या. मोजणी जुळली की सीएसव्ही तिथल्या तिथे नष्ट करा. मग फायरफॉक्सचं खातं उघडून सिंक (खात्यामार्फत सगळ्या मशीनवरचा साठा सारखा ठेवणारी सोय) सुरू करा आणि नव्या लॅपटॉपवर त्याच खात्याने आत या. सिंकमधून जाणारा डेटा तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होऊन निघतो आणि त्याची किल्ली खात्याच्या पासवर्डातून बनते. म्हणजे उघडी फाइल एका मशीनबाहेर कधी पडलीच नाही. मात्र याची दुसरी बाजूही आहे. खात्याचा पासवर्ड विसरून रीसेट केलात, तर सर्व्हरवरचा डेटा कोणालाच उघडता येत नाही. खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट रिकव्हरी की' बनवता येते, ती बनवून कागदावर ठेवा.

हा वळसा घेणार असाल तर नव्या लॅपटॉपवरच्या फायरफॉक्समधले सहा हजार बुकमार्क सिंक सुरू करण्याआधी काढून टाका. सिंक दोन्हीकडचं एकत्र करतो. इकडचा कचरा तिकडे आणि तिकडचा इकडे. आणि सिंक हा बॅकअप नव्हे. एका मशीनवर पुसलंत की दुसरीकडेही पुसलं जातं, तेही तत्परतेने. एचटीएमएल फाइल म्हणूनच जपून ठेवायची.

सीएसव्ही नष्ट करायची म्हणजे नुसती डिलीट नाही. शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे ती कचरापेटीत पडून राहत नाही. त्याआधी डाउनलोड्सचा फोल्डर एखाद्या क्लाउड सेवेला जोडलेला नाही ना, ते पाहा. तो जोडलेला असेल तर तुम्ही पुसण्याआधीच एक प्रत वर गेलेली असते आणि तिथल्या कचरापेटीत कित्येक दिवस पडून राहते. सर्वात बरं म्हणजे फाइल काढायच्या आधी तो क्लाउड प्रोग्रॅम थोडा वेळ थांबवून ठेवणं.

पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने आत जाण्याची किल्ली) वापरत असाल तर त्या सीएसव्हीत येत नाहीत. त्यांचं गुपित उघड्या मजकुरात लिहिण्यासारखं नसतंच. ज्या ज्या साइटवर पासकी आहे तिथे जुन्या लॅपटॉपवरून आत जा, नव्या ठिकाणासाठी दुसरी पासकी जोडा, ती चालते हे पाहा, आणि मगच जुनी काढा. क्रम उलटा झाला तर दाराबाहेर आपणच उभे.

कुकी नेऊ नका. म्हणजे नव्या ब्राउझरवर प्रत्येक साइट तुम्हाला अनोळखी समजणार, पुन्हा लॉगिन मागणार, दुहेरी पडताळणीचा कोड मागणार. कंटाळवाणं आहे, पण त्यात एक फायदा लपलेला आहे. आणलेले पासवर्ड खरंच चालतात का, हे जुना लॅपटॉप हाताशी असतानाच कळतं. सुरुवात ईमेलच्या खात्यापासून करा, कारण बाकी सगळीकडचे 'पासवर्ड विसरलात' चे दुवे तिथेच येतात. आणि त्याहूनही आधी, कोड देणारं ॲप कुठे आहे ते पाहा. काही जण ते क्रोमच्या एक्स्टेन्शनमध्येच ठेवतात. ब्राउझर गेला की एक्स्टेन्शन गेलं, एक्स्टेन्शन गेलं की कोड गेले. त्यातून आधी एक्सपोर्ट करा किंवा प्रत्येक साइटचे बॅकअप कोड उतरवून घ्या.

एक्स्टेन्शनचं असं आहे की क्रोमची फायरफॉक्सला चालत नाहीत. एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा हे सगळे क्रोमच्याच मुळावर वाढलेले ब्राउझर असल्याने त्यांच्यात देवाणघेवाण सोपी असते. तुम्हाला फायरफॉक्समध्ये तीच नावं शोधावी लागतील. बहुतेक मोठी मिळतात. पण नाव मिळालं तरी आतला साठा येत नाही. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये स्वतः लिहिलेले नियम, टिपणं ठेवणाऱ्यातली टिपणं, हे त्या त्या एक्स्टेन्शनच्या सेटिंग्जमधून बाहेर काढावं लागतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्येच ठेवलेला डेटा. काही चित्रं काढायच्या साइट, टिपणांच्या साइट, खेळ, हे खातं उघडायला लावत नाहीत आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळं तसंच दाखवतात. ते सर्व्हरवर नसतं, ब्राउझरच्या 'लोकल स्टोरेज' किंवा 'इंडेक्स्ड डीबी' मध्ये असतं. कोणतंही इम्पोर्टचं बटण ते आणत नाही आणि आणलं नाही असं सांगतही नाही. खातं न उघडता तुम्ही रोज जिथे काही जमा करता, अशा साइटची यादी आठवून काढा आणि प्रत्येकीवर 'डाउनलोड' किंवा 'एक्सपोर्ट' आहे का ते बघा. बुकमार्क हरवले तर पत्ता परत सापडतो, हे हरवलं तर मुळातूनच गेलं.

इतिहासाबद्दल फार जीव टांगणीला लावू नका. क्रोम नव्वद दिवसांहून जुना इतिहास मशीनवर ठेवतच नाही, त्यामुळे दहा वर्षांचं काही नेण्यासारखं तिथे नाहीच. पत्ते आणि कार्डं हाताने भरा. पाच मिनिटांचं काम आहे आणि मुदत संपलेली कार्डं आपोआप गळतात.

फोन विसरू नका. अँड्रॉइडवरच्या क्रोममधून बुकमार्कची फाइल काढायची सोय नाही. फोनवरचे बुकमार्क सिंक करून संगणकावर आणायचे, तिथे ते 'मोबाइल बुकमार्क्स' या फोल्डरात उतरतात, आणि मग एक्सपोर्ट. म्हणजे हे एक्सपोर्टच्या आधी करायला हवं. आयफोनवर सफारी असेल तर आयओएस १८.२ पासून सेटिंग्जमधूनच एक्सपोर्ट करता येतो. झिप मिळते, आत बुकमार्कची तीच नेटस्केपी एचटीएमएल आणि पासवर्डची सीएसव्ही. तिचीही तशीच काळजी घ्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड आपोआप भरणारी सेवा कोणती, हेही बदला, नाहीतर ॲप उघडल्यावर जुनाच साठा पुढे येत राहील.

हे सगळं झालं की जुन्या क्रोममध्ये, दोन्ही मशीनवर, 'पासवर्ड सेव्ह करू का' हे विचारणं बंद करा. नाहीतर एखाद्या दिवशी घाईत क्रोम उघडाल, कुठला तरी पासवर्ड बदलाल, तो तिकडे साठेल आणि फायरफॉक्स जुनाच भरत राहील. तिसऱ्या चुकीच्या प्रयत्नानंतर खातं अडकतं आणि दोष नव्या ब्राउझरला जातो.

महिनाभर फायरफॉक्सवर अडलं नाही की जुना लॅपटॉप मोकळा करा. क्रोम नुसतं अनइन्स्टॉल केल्याने प्रोफाइलचा फोल्डर जात नाही. त्या वेळी 'ब्राउझिंग डेटाही काढा' अशी चौकट दिसते, तिच्यात खूण करावी लागते. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि त्यात ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. क्रोममध्ये गूगल खात्याने सिंक सुरू असेल तर तीच सगळी यादी खात्यातही आहे. मशीन पुसल्याने ती जात नाही, खात्यात जाऊन वेगळी पुसावी लागते. पण पुसण्याआधी क्रोममध्ये सिंक चालू आहे का ते आजच एकदा बघा, कारण चालू असेल तर नव्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये नुसतं लॉगिन केल्यावर पासवर्ड दिसले असते आणि पेनड्राइव्हची गरजच पडली नसती.